भुईवर घेताना

अदितीच्या पत्राला मी उत्तर पाठवलं आणि त्यात एक शब्द खोटा लिहिला.

तुम्ही गेल्यावर आलेली सगळी पत्रं मी तारखेप्रमाणे लावली. नातेवाईक, माझे जुने विद्यार्थी आणि तुमचे पेशंट, असे तीन गठ्ठे केले आणि रोज दहा याप्रमाणे उत्तरं दिली. तुम्ही असता तर दवाखान्यातल्या गफूरभाईंना सांगितलं असतं, "बघा, दुःखसुद्धा टाइमटेबल लावून करते ही." नातीचं पत्र मात्र कोणत्याच गठ्ठ्यात बसेना. त्यात सांत्वन दोनच ओळींचं होतं. पुढे तिच्या त्या जपून काढलेल्या मराठी अक्षरांत एक प्रश्न होता: "आजी, आजोबा पडले तेव्हा छाती दाबायला कोणी सुरुवात केली? किती वेळात?"

मी लिहिलं, "मी. लगेच."

'मी' खरं आहे. 'लगेच' खरं नाही. पाकीट विमानाच्या टपालानं गेलंसुद्धा. म्हणून आता हे लिहायला बसले आहे. लिहिते तुम्हाला, कारण तुमच्याशी आधी बोलून घेतल्याशिवाय मला कोणतीच अवघड गोष्ट दुसऱ्याला सरळ सांगता आलेली नाही. वाचणार आहेत अदिती आणि तिचा भाऊ निखिल, तिकडे समुद्रापलीकडे. त्यांच्यासाठी मध्येच एखादा शब्द उलगडावा लागेल. तेवढं सहन करा.

सुरुवात बोरीपासून करते. परभणीहून जिंतूरला जाताना लागणारं मोठं गाव. दर बुधवारी तुम्ही तिथे पेशंट बघायला जायचात. एका बुधवारी तुम्ही परत आलात आणि बूट न काढता पडवीत बसून राहिलात. पुढचं मी पाहिलेलं नाही, तुम्ही सांगितलेलं आहे. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवायची माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे.

ज्ञानोबा नावाच्या तरुण शेतकऱ्याला विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागला होता. लोकांनी त्याला उचलून घरी आणलं आणि अंगणात बाजेवर टाकलं. तुम्ही पोचलात तेव्हा नाडी लागत नव्हती. तुम्ही म्हणालात, "भुईवर घ्या ह्याला."

मुलांना हे सांगायला हवं. आपल्याकडे माणूस शेवटच्या घटकेला आला की त्याला अंथरुणावरून उतरवून जमिनीवर ठेवतात. त्याला भुईवर घेणं म्हणतात. एकदा भुईवर घेतलं की तोंडात पाणी घालायचं, सोयऱ्यांना निरोप धाडायचा. तुम्हाला हवी होती ती फक्त छातीखाली टणक जागा. गावानं ऐकला तो निकाल.

ज्ञानोबाच्या आईनं बाजेवर अंग टाकलं. "माज्या लेकराला जित्तेपनी भुईवर घेता? तुमी डाक्टर हाव का यम?"

तुम्ही बाजेवरच दाबायला लागलात. बाज झोपाळ्यासारखी खालीवर होत होती आणि दाब छातीपर्यंत जात नव्हता. शेवटी दोघा पुरुषांनी म्हातारीला धरून बाजूला केलं आणि ज्ञानोबाला खाली घेतलं. तोपर्यंत फार उशीर झाला होता. तुम्ही बराच वेळ दाबत राहिलात, आणि मग उठलात. तुम्ही उठलात तेव्हा गाव म्हणायला लागलं होतं, "सायबानं भुईवर घेतलं म्हून गेला."

त्याची बायको कौसाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती तुम्हाला एवढंच म्हणाली, "आदी सांगायचं व्हतं, सायेब."

हे वाक्य तुम्ही मला तीनदा सांगितलंत त्या संध्याकाळी. आधी सांगायचं होतं. आपली पुस्तिका त्यातून निघाली.

अदिती तेव्हा कॉलेज करून रुग्णवाहिकेवर काम शिकत होती. तिनं तिकडची नवी पुस्तिका पाठवली. मोठ्या माणसाचं हृदय अचानक थांबलं तर काय करायचं, याच्या सूचना. बरोबर एका वैद्यकीय नियतकालिकाचा जाडजूड अंकही पाठवला. ज्या चर्चेवरून त्या सूचना बेतल्या, ती सगळी चर्चा त्यात होती. तुम्ही अंक वाचायला घेतलात, मी पुस्तिकेचं मराठी करायला. तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवल्यावर एवढं आठ दिवसांत होईल असं मला वाटलं होतं. पहिल्याच पानावर आपलं भांडण झालं.

"हे काय, तीन तीन तऱ्हेनं लिहिलंयस?" तुम्ही कागद हलवत विचारलंत. "करावे, करता येईल, करणे बरे. सरळ 'करावे' लिही सगळीकडं."

"मुळात तीन तऱ्हा आहेत. 'शुड' वेगळं, 'मे' वेगळं. आणि इथे तर म्हटलंय की जाणकारांचं मत असं पडलं. मत पडलं, त्याला मी 'करावे' कसं म्हणू?"

"अगं, बैल गाळात फसलाय. दोर कुठल्या बाजारातला, ते खामखा कशाला सांगत बसतेस?"

"दोर कच्चा असला तर?"

"दुसरा आहे का तुझ्याकडं?"

नव्हता. पण मी हटले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पेटीतल्या तीन पेन्सिली काढल्या. अंकात बघून तुम्ही सांगायचं आणि मी प्रत्येक सूचनेखाली रेघ मारायची, असं ठरलं. माणसांवर पाहून मोजलेलं असेल तर लाल. कुत्र्यांवर, डुकरांवर पाहिलेलं आणि माणसाला लागू धरलेलं असेल तर निळी. शहाण्यांनी एकत्र बसून ठरवलेलं असेल तर साधी, काळी. चार संध्याकाळी हे चाललं. पुस्तिका पुरी झाली तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पानं उलटली आणि म्हणालात, "ही तर सगळी काळ्या पेन्सिलीचीच निघाली की."

निळ्या रेघा होत्या. लाल फार थोड्या.

त्यातल्या एका संध्याकाळी तुम्ही वाचता वाचता थांबलात. सोड्याचं इंजेक्शन. हृदय थांबलेल्या माणसाला ते द्यावं असं तुम्ही हैदराबादला शिकला होतात आणि मिळालं तेव्हा तेव्हा दिलं होतंत. नव्या सूचनांत लिहिलं होतं की ते सरसकट देऊ नये, फायदा होतो असं दिसलेलं नाही, अपाय होऊ शकतो. तुम्ही ते वाक्य मला वाचून दाखवलंत. मी विचारलं, "मग पूर्वी कशावरून द्यायचे?"

"सगळे द्यायचे म्हणून."

"म्हणजे काळी पेन्सिल."

थोड्या वेळानं उठून दवाखान्यातल्या कपाटापाशी गेलात आणि नुसतेच उभे राहिलात. मी वाद जिंकला होता, आणि मला जेवण गेलं नाही. त्या वेळी तुमच्यापाशी येऊन काहीतरी बोलायला हवं होतं. मी रेघा मोजत बसले.

टणक जागेची सूचना आली तेव्हा मी म्हटलं, "याला काय पुरावा?" तुम्ही हसलात. माझ्या माहेरहून, सेलूच्या जिनिंगमधून आलेलं सरकीचं पोतं मागं पडलेलं होतं. गफूरभाई तुमच्याकडे पंचवीस वर्षं कंपाउंडर, त्यांना हाक मारलीत. दोघांनी ते पोतं बाजेवर ठेवलं आणि तुम्ही मला म्हणालात, "हेडमास्तरीणबाई, दाबा." मी दाबलं. पोतं होतं तसंच राहिलं, बाजेचा सुंभ खाली गेला. मग पोतं फरशीवर ठेवलं. या वेळी माझे तळहात आत गेले.

"आता मार कुठली रेघ मारायची ती."

मी लाल मारली. त्या दिवसापासून ते पोतं आपला पेशंट झालं. गफूरभाईंनी त्याला नाक-डोळे काढले आणि पोतेराव असं नाव ठेवलं.

आणि 'लगेच'. तो शब्द पुस्तिकेत जागोजाग होता. जिथे आजूबाजूच्या माणसानं लगेच सुरुवात केली तिथे जास्त माणसं वाचलेली दिसली, असं एकाहून अधिक गावांतून मोजलेलं होतं. मी शंका काढली. ज्याच्याजवळ कोणी पटकन धावून येतं तो माणूस मुळातच चारचौघांत पडलेला असणार, लवकर सापडलेला असणार. मग वाचला तो दाबण्यानं की लवकर सापडण्यानं? तुम्ही कौतुकानं माझ्याकडे पाहिलंत. नंतर म्हणालात, "शंका बरोबर आहे. तरी लाल मार. बाकी कशावरही भांड माझ्याशी, यावर नको."

मी लाल रेघ मारली आणि तिच्या टोकाला बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. ते तुम्ही पाहिलंत की नाही, मला माहीत नाही.

आपला खरा न मिटलेला वाद वेगळाच होता. बोरीच्या पहिल्या वर्गानंतर तो सुरू झाला. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावांत ताणाचे होते. शाळेच्या ओट्यावर गावठाणातली माणसं एका बाजूला बसली, बौद्ध वस्तीतली दुसऱ्या बाजूला, मध्ये एक सतरंजी रिकामी. तुम्ही पोतेरावाला त्या रिकाम्या सतरंजीवर आडवं केलंत. दाबणं सगळ्यांना समजलं. मग तुम्ही श्वास देणं दाखवलंत. तोंडाला तोंड लावून दोन श्वास, मग पंधरा वेळा दाबणं, पुन्हा श्वास.

गावठाणातून एकानं विचारलं, "सायेब, तोंड लावायचं म्हंजे... कुनाच्याबी?"

"ज्याचं हृदय थांबलंय त्याच्या."

"न्हाई, ते खरंय. पर कुनाच्याबी?"

दुसऱ्या बाजूचा एक म्हातारा बिडी विझवत म्हणाला, "आमाला चालतंय, पाटील. तुमाला चालल का ते घरी इचारून या."

दोन्हीकडचे लोक हसले, पण हसू लवकर आटलं. तुम्ही कोणाला उपदेश केला नाहीत. तुम्ही पोतेरावाच्या गोणपाटाला तोंड लावून पुन्हा दोन श्वास दिलेत.

परतताना एस्टीत तुम्ही म्हणालात, "एक वाक्य घाल. तोंड लावणं जमत नसेल, तर नुसतं दाबत राहावे."

"पुस्तिकेत नाही ते."

"मला माहीत आहे नाही ते. पण ते आज काय म्हणाले ऐकलंस ना? तोंड लावायला लागतंय म्हटल्यावर माणसं हातही लावणार नाहीत."

"नुसत्या दाबण्यानं वाचतो याला काय आधार आहे? अंकात एक ओळ तरी दाखवा."

"काहीच न करण्यापेक्षा बरं, याला आधार लागतो का?"

"लागतो. सोड्याच्या इंजेक्शनच्या वेळी सगळे हेच म्हणाले असतील."

हे मी बोलायला नको होतं. समोरच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली इतका माझा आवाज चढला होता. तुम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलात. त्यानंतर महिनाभर, दर दोन दिवसांनी, जेवताना किंवा चहाच्या वेळी तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारायचात, "ते वाक्य घातलंस का?" आणि मी म्हणायचे, "नाही."

आता त्या दुपारबद्दल.

तुम्ही मागच्या पडवीत बाजेवर पेपर वाचत पडला होतात. मी समोरच्या टेबलाशी पुस्तिकेची पक्की प्रत लिहीत होते. घरकामाला येणारी शेवंताबाई चुलीपाशी चहाचं आधण ठेवत होती. तुम्ही विचारलंत, "ते वाक्य घातलंस का?"

मी मान वर न करता म्हटलं, "नाही."

मग पेपर खाली घसरल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि माझी नजर सवयीनं आधी तिकडे गेली. चार वाजून सहा मिनिटं. त्यानंतर तुमच्याकडे. तुमची मान एका बाजूला गेली होती.

मी हाका मारल्या. खांदे हलवले. मानेपाशी बोटं ठेवली, तुम्ही दाखवली होतीत तिथे. काही लागलं नाही. तेवढ्यात तुम्ही तोंड उघडून एक मोठा श्वास ओढलात. बराच वेळ काही नाही. पुन्हा एक. ते आचके होते. "आचक्याला श्वास समजू नये," हे वाक्य टेबलावरच्या कागदावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. शाई पुरती वाळलीही नसेल.

शेवंताबाई पदराला हात पुसत आली. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं आणि माझे हात तुमच्या काखेत जाताना पाहिले. "बाई, भुईवर नका घिऊ," ती म्हणाली. "ते बगा, दम घ्यायलेत की अजून."

मी तिला गफूरभाईंना आणायला पिटाळलं. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. ती पळत गेली.

म्हणजे मला अडवणारं कोणी उरलं नाही. हे नीट लिहून ठेवते. त्या दिवशी बोरीत बाजेवर एक आई पडली होती. इथे बाजेवर कोणी पडलेलं नव्हतं. मी एकटी होते, मला सगळं माहीत होतं, आणि मी बाजेची कड धरून उभी राहिले.

तुम्हाला एकटीनं उतरवणं जड होतं, असं मी मागाहून स्वतःला सांगून पाहिलं. ते टिकत नाही, कारण शेवटी चादरीसकट ओढून एकटीनंच उतरवलं. मी घाबरून गोठले, असंही सांगून पाहिलं. तेही पुरतं खरं नाही. माझं डोकं चालू होतं. डोक्यात एकच गोष्ट होती: आता खाली घेतलं की हे गेले. बाजेवर आहेत तोवर आजारी आहेत. मी तुमचे तळवे चोळले. पेपर उचलून घडी घातली. खरंच, मी पेपरची घडी घातली.

मग तुमचे आचके थांबले, आणि त्या शांततेत मी चादर ओढली. तुमचं डोकं माझ्या दंडावरून फरशीवर टेकवताना पुन्हा घड्याळ दिसलं. चार वाजून दहा मिनिटं.

पुढचं मी चांगलं केलं. वर्गात पाढे म्हणून घ्यायच्या आवाजात मोजत दाबलं. पंधरा, मग दोन श्वास. पंधरा, दोन श्वास. पण माझं वय तुम्हाला ठाऊक आहे. थोड्याच वेळात वाकून श्वास द्यायला गेले की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. मग मी श्वास सोडून दिले आणि नुसतं दाबत राहिले. तुमचं ते वाक्य, पुस्तिकेत नसलेलं, मी तुमच्यावरच करत होते.

गफूरभाई धावत आले आणि गुडघ्यांवर बसले. "बाईसाब, तोंडाकडं मी बघतो. तुमी मोजा." पंचवीस वर्षं तुमच्या हाताखाली काढलेल्या त्या माणसानं तुमच्या तोंडाला तोंड लावलं. दारात जमलेल्या शेजाऱ्यांपैकी कोणी हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी दाबलं, मी मोजलं. शेवंताबाई तुळशीचं पान आणि गडू घेऊन भिंतीशी उभी होती. एकदाही पुढे आली नाही. पाऊण तासानं गफूरभाईंनी माझ्या मनगटाला हात लावला. "बस करा आता, बाईसाब. सायेब न्हाईत."

तेव्हा शेवंताबाई पुढे आली. तुम्ही आधीच भुईवर होतात. तिला फक्त पाणी घालायचं राहिलं होतं.

ती चार मिनिटं नसती गेली तर तुम्ही वाचला असता का? मी त्या जाड अंकाची पानं पुन्हा उलटली. त्यात पुष्कळ माणसांबद्दल लिहिलं आहे, तुमच्याबद्दल नाही. कदाचित काहीच फरक पडला नसता. इस्पितळाबाहेर हृदय थांबलेली बहुतेक माणसं तिकडेही, सगळं लगेच मिळूनही, वाचत नाहीत. हे मी तुमच्याच तोंडून ऐकलं होतं. माझं ते बारीक प्रश्नचिन्हही तिथे होतंच. त्याच्याखाली मला आरामात लपता आलं असतं. आठ दिवस मी लपलेही. अदितीला 'लगेच' लिहिलं ते त्याच आठ दिवसांत. तिनं तो शब्द तिच्या शिकाऊ सोबत्यांना सांगितला असेल. म्हणाली असेल, माझी आजी सत्तरीला आली, तरी तिनं लगेच सुरुवात केली.

बोरीचा दुसरा वर्ग तुम्ही लावून ठेवला होता. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, सव्वा महिना तरी होऊ दे. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "बुधवार ठरलेला आहे." गफूरभाईंनी पोतेरावाला एस्टीच्या टपावर चढवलं आणि आम्ही निघालो.

ओटा तोच. माणसं तशीच दोन बाजूंना. सतरंजी या वेळी जरा कमी रिकामी होती, कारण बायका जास्त आल्या होत्या. भिंतीला टेकून ज्ञानोबाची आई बसली होती, आता पुरती वाकलेली. पुढे कौसाबाई. मी पुस्तिकेतलं वाचून दाखवलं, गफूरभाईंनी पोतेरावावर करून दाखवलं. मी विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का? शाळेत असताना हा प्रश्न विचारायची मला कधी भीती वाटली नव्हती.

कौसाबाई म्हणाली, "बाई, राग नका मानू. सायबाला केलं व्हतं का हे?"

"केलं होतं."

"मंग?"

गफूरभाई खाली बघायला लागले. ओट्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. मला दोन उत्तरं देता आली असती. एक, की केलं तरी सगळे वाचत नाहीत. ते खरं होतं, आणि तुम्ही तेच दिलं असतंत. पण माझ्या बाबतीत ते दडवण्यासाठी दिलेलं उत्तर झालं असतं.

"उशिरा केलं," मी म्हटलं. "साहेब बाजेवर होते. मला त्यांना भुईवर घ्यायला हात उचलेना. चार मिनिटं मी नुसती उभी होते. लवकर घेतलं असतं तर वाचले असते की नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही. पण मी लवकर घेतलं नाही. तुम्हाला शिकवायला येते, आणि मी घेतलं नाही."

भिंतीपासून आवाज आला. "तुमाला बी उचलवलं न्हाई?"

ज्ञानोबाची आई बोलत होती.

"नाही, आजी."

"कुनी आडवं आलं का?"

"कोणीच नाही."

म्हातारीनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस गावानं तुम्हाला दोष दिला असं आपण समजत होतो. घरात कोणाला दिला, ते आपण कधी विचारलंच नाही. कौसाबाईनं आपल्या सासूकडे वळून पाहिलं, आणि मला कळलं की त्या दोघींमध्ये हे कधी बोललं गेलेलं नव्हतं.

"मंग बरं," म्हातारी म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

कौसाबाई पुन्हा माझ्याकडे वळली. "बाई, एक सांगू का? हे पोतं काडून टाका. दर बारीला त्येला भुईवर घेता, आन ते काय उठत न्हाई. बगनाऱ्याला काय वाटंल?"

गफूरभाई चमकले. इतक्या दिवसांत आपल्या दोघांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. आपण लोकांना पुन्हा पुन्हा तेच दाखवत होतो, ज्याची त्यांना भीती होती: भुईवर घेतलेला, आणि न उठलेला.

मी चष्मा काढून गफूरभाईंच्या हातात दिला. "पोतेरावाला बाजूला घ्या," म्हटलं, आणि सतरंजी सारून शहाबादी फरशीवर आडवी झाले. बायकांत चुळबुळ झाली. कोणीतरी पुटपुटलं, "अवो, असं नगं, बाई." नुकती विधवा झालेली म्हातारी, दिवसाढवळ्या, चारचौघांत भुईवर. फरशी पाठीला गार लागली. तुम्हालाही लागली असेल.

"कौसाबाई, ये. हात इथे ठेव. दाबायचं नाही हं, मी जिवंत आहे."

तेव्हा लोक हसले, दोन्हीकडचे. तिनं हात ठेवले. शेतात राबलेले, जड. मी खालूनच सांगत गेले, कोपर सरळ, खांदे वर, मोठ्यानं मोज. तिनं पंधरापर्यंत मोजलं. मग हात काढले आणि मला कोपराला धरलं.

"उठा, बाई."

मी उठले.

"आत्याबाई," कौसाबाई सासूकडे न बघता म्हणाली, "बगा, उठल्या."

आज दोन कामं केली. अदितीला दुसरं पत्र टाकलं. त्यात 'लगेच' दुरुस्त करून 'चार मिनिटांनी' लिहिलं आहे, आणि ती मिनिटं कशी गेली तेही. हे लिखाण त्याच्या मागोमाग जाईल.

दुसरं काम पुस्तिकेचं. तुमचं वाक्य घातलं: तोंड लावणं जमत नसेल तर नुसतं दाबत राहावे, थांबू नये. खाली काळी रेघ मारली आहे आणि बारीक अक्षरात टीप: याला अद्याप आधार सापडलेला नाही. छापताना तिन्ही रेघा तशाच छापायच्या, असं छापखान्यात सांगितलं आहे. तुम्ही म्हणाला असता, लोक लाल तेवढंच करतील. बोरीच्या लोकांनी मला अवघड प्रश्न विचारला, त्यांना रेघांचा अर्थ कळेल.

आणि पहिल्या पानावर, सगळ्या सूचनांच्या आधी, एक वाक्य माझं आहे: भुईवर घेतलेला माणूस उठू शकतो. त्याच्याखाली कोणती रेघ मारायची, यावर मी बराच वेळ बसून राहिले. शाळेच्या ओट्यावर धडधाकट म्हातारी झोपली आणि उठली, हा काही पुरावा नव्हे. मी काळी मारली आहे. तुम्ही असता तर पेन्सिल हिसकावून लाल केली असतीत, आणि आज संध्याकाळी चहाच्या वेळी आपण पुन्हा भांडलो असतो.

लाल पेन्सिल तुमच्या चष्म्याशेजारी ठेवली आहे. टोक काढून.